टोचलेली वचनं

"हे मी घरी जाऊन सांगू कसं?" देदेकाकांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, हातभर लांब धरलं, परत जवळ आणलं. "एदिल्झा, तूच वाच बाई पुन्हा. डोळ्यांवर जाळं आलंय माझ्या. काहीतरी भलतंच दिसलं असेल."

एदिल्झाने पुन्हा वाचलं. भलतंच होतं खरं, पण त्यात डोळ्यांची चूक नव्हती. वांझ बाईची ओटी भरेल, तिच्या लेकरांना अंगण पुरणार नाही, अशा अर्थाचं ते वचन होतं.

"बायको माझी, सोकोर्रो, चौसष्टची आहे," काका म्हणाले, "आणि सात बाळंतपणं झालीत तिची. मी विचारायला आलो होतो, मोतीबिंदू काढून घेऊ का नको. देवाला डोळ्यांचं विचारलं तर तो ओटीचं सांगतो?"

"काढण्याआधी प्रार्थना नीट केली होती ना काका?"

"गुडघे सोलवटून निघाले. सकाळपासून पोटात कॉफीचा थेंब नाही." त्यांनी कार्ड डब्यात खोचलं आणि गवताची टोपी डोक्यावर ठेवली. "तुझ्या आईच्या वेळी असं व्हायचं नाही हो. जोविनाने डबा पुढे केला की नेमकं मनातलंच निघायचं. आता डबाही तोच आणि देवही तोच..."

पुढचं त्यांनी गिळलं. भला माणूस. पण एदिल्झाला ते न बोललेलंच जास्त लागलं, आणि काका रेतीतून चाचपडत खाली समुद्राकडे निघाले तरी ती डबा पोटाशी धरून दारातच उभी राहिली.

पेरूच्या वडीचा पत्र्याचा गोल डबा तो. त्यात दोन बोटं रुंद कार्डं उभी लावलेली, प्रत्येकावर एक वचन छापलेलं. पेद्रा-मान्सा गावात बहुतेक प्रॉटेस्टंट विश्वासणाऱ्यांच्या घरी वचनांचा डबा असतो. सकाळी उठून एक कार्ड काढायचं, ते दिवसभराचं. पण कुणाला काही मोठं विचारायचं असलं, लग्न, होडी, ऑपरेशन, की तो माणूस आपला डबा घरी ठेवून जोविनाच्या दारात यायचा. चाळीस वर्षं येत होता. जोविना स्वतः निरक्षर. डोळे मिटायची, कार्डं हातात घेऊन पिसायची, परत डब्यात लावायची आणि डबा पुढे करायची. समोरचा एक कार्ड उचलायचा, वाचायचा आणि बहुतेक वेळा रडायचा. तिला जाऊन आठ महिने झाले होते.

या आठ महिन्यांत डब्याने एदिल्झाची पार अब्रू घालवली होती. देदेकाकांचं हसण्यावारी तरी गेलं. नेउझाचं नाही. नेउझाचा धाकटा तापाने फणफणला होता. ती सकाळीच येऊन कार्ड काढून गेली. निघालं काय, तर तुझ्या घराला रोग शिवणार नाही. एदिल्झाने घाईघाईत "आमेन" म्हटलं आणि कामावर गेली. कामावर म्हणजे कुठे, तर सरकारी दवाखान्यात. तेवीस वर्षं तिथे नर्सच्या हाताखाली ड्रेसिंग करणारी, सुया टोचणारी बाई ती! नेउझा वचनावर विसंबून दोन दिवस घरात बसली. तिसऱ्या दिवशी पोराला डोळे उघडेनात, म्हणून उचलून तालुक्याला नेलं. वाचला. पण त्या दिवसापासून एदिल्झाला धड झोप नव्हती. समोर तापलेलं पोर आणि आपण आमेन म्हणतो! आपल्याला झालं तरी काय?

पास्टर ओझिएलना तिने विचारलं होतं. तरुण, सज्जन माणूस. "ताई, शहाणपण मागा," ते म्हणाले. "मागणाऱ्याला देव देतो, आणि का मागितलंस म्हणून बोल लावत नाही." तेव्हापासून ती मागत होती. भांडी घासताना मागत होती, पट्ट्या गुंडाळताना मागत होती. मिळाल्यासारखं काही वाटत नव्हतं.

आणि आज तर रविवार, रायानेचा दिवस.

रायाने तिच्या भावाची मुलगी. भाऊ साओ पावलोला, त्याची बायको आणखी कुठे, ते कुणालाच ठाऊक नाही. चार वर्षांची होती तेव्हापासून पोर या घरात आजीच्या आणि आत्याच्या हातावर वाढली. आता एकोणीसची. सोब्रालला नर्सिंगच्या कॉलेजात तिला जागा मिळाली होती. पूर्ण नर्सची, आत्यासारखी हाताखालची नव्हे. सोमवारी दुपारपर्यंत स्वतः हजर होऊन कागद द्यायचे, नाहीतर जागा पुढच्या नावाला. आणि इकडे गावातल्या बालवाडीतही तिला ठेवून घ्यायला तयार होते. पोरीने दोन आठवडे तोंड उघडलं नाही. काल रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "मी उद्या उपास करते. दुपारी मंडळीच्या प्रार्थनेतून आले की कार्ड काढते. जे निघेल ते."

"जे निघेल ते," एदिल्झा म्हणाली. घरात मोठं काही ठरायचं ते असंच ठरायचं.

आता झाकून काय ठेवायचं, तिला पोरीने राहायला हवं होतं. सगळ्या अंगाने हवं होतं. आई गेली, आता हीसुद्धा गेली तर या घरात बोलायचं कुणाशी, पंख्याशी? पहाटे गुडघ्यावर बसून ती "प्रभू, शहाणपण दे" म्हणायला लागायची आणि चार शब्दांत गाडी "तिला राहू दे"वर यायची. मग स्वतःची लाज वाटून आमेन न म्हणताच उठायची.

"आत्या, येतेस ना?" रायाने दारात उभी होती. लांब झगा, हातात बायबल, उपासाने तोंड उतरलेलं.

"डोकं धरलंय गं. तू जा."

"मग दुपारी डबा तूच धर हं. आजी धरायची तसा."

"बरं."

पोर गेली. एदिल्झाने घर झाडलं, झाडलेलं परत झाडलं. तांदूळ निवडले, ते आधीच निवडलेले होते. शेवटी डबा घेऊन बसली. तळाला गंज धरला होता. खारी हवा, पत्रा टिकतो कुठे! कार्डंही सादळून एकमेकांना चिकटली होती. तिच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला: चिकटली आहेत, म्हणून देवाला हवं ते वर येत नसणार! देदेकाकांचं कार्ड कुठल्यातरी दुसऱ्याच्या पाठीला चिकटून राहिलं असणार! इतकं हायसं वाटायला लावणारा विचार तिला कित्येक दिवसांत सुचला नव्हता. तिने खिडकी उघडली, चौकटीच्या कडेला कार्डं ओळीने उन्हात उभी केली आणि तिथेच खुर्ची ओढून बसली.

दहाचं ऊन खिडकीतून टेबलावर आलं. पांढऱ्या टेबलक्लॉथवर कार्डांच्या सावल्या पडल्या. आणि त्या सावल्यांच्या कोपऱ्यांत उजेडाचे बारीक ठिपके होते.

आधी तिला वाटलं, कसर लागली. मग तिने एक कार्ड उचलून उजेडासमोर धरलं. वरच्या कोपऱ्यात तीन भोकं, त्रिकोणात. दुसरं उचललं. दोन, शेजारी शेजारी. पुढच्याला चार, चौकोनात. कसर काही हिशेबाने खात नाही. आणि ही भोकं कशाची आहेत हे पेद्रा-मान्सातल्या बाईला कुणी सांगायला नको. लेस विणायचा नमुना पुठ्ठ्यावर असाच टोचतात, निवडुंगाच्या काट्याने. मग त्याच भोकांत काटे रोवून दोरा वळवायचा. तिची आई जन्मभर लेस विणत होती. अंधारात, बोलता बोलता, नुसत्या बोटांनी नमुना वाचायची.

बोटांनी वाचायची.

डोळे मिटून कार्डं पिसणारी आई एदिल्झाला दिसली. लोकांना वाटायचं, प्रार्थना चाललीय. ओठ हलायचे खरे. पण बोटं? ती बोटं कोपऱ्याकोपऱ्यावरून चालत असायची. आणि डबा पुढे करताना एक कार्ड इतरांहून किंचित वर आलेलं असायचं. त्याच्यामागे आईचा अंगठा असायचा.

एदिल्झाने एक कार्ड हातात ठेवलं, बाकीची गोळा करून डब्यात भरली, डबा तसाच टेबलावर टाकला आणि पायांत चपला न घालता निघाली.

कितेरियामावशी ओसरीत बसून विणत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, आईची लहानपणापासूनची मैत्रीण, आणि पक्की कॅथलिक. भिंतीवर संतांच्या तसबिरींना जागा उरली नव्हती. समोर वाळक्या केळीच्या पानांनी भरलेला लोड, त्यावर रोवलेले काटे, आणि दोन्ही हातांत दोऱ्याच्या लाकडी कांड्या टकटक, टकटक.

"या, साध्वी," ती वर न बघता म्हणाली. "आज रविवारची प्रार्थना सोडून आमच्या मूर्तिपूजकांकडे कशा?"

एदिल्झाने कार्ड तिच्या नाकासमोर धरलं. "ही भोकं आईने पाडली?"

कांड्या थांबल्या नाहीत. "मग काय दर्यातल्या खेकड्यांनी?"

"मावशी, थट्टा नको. खरं सांग."

"तिला वाचता येत होतं का? नव्हतं. मला येत होतं, तिसरीपर्यंत. मी एकेक वाचून दाखवायचे, ती टोचायची. दोन भोकं म्हणजे धीर धर. चार म्हणजे माफ करून टाक. तीन म्हणजे ऊठ, नीघ, घाबरू नको. एकच भोक असलं तर रडून घे, देव बघतोय." म्हातारीच्या तोंडात दोनच दात, तरी हसली. "तुमच्या सगळ्या मंडळीचं चाळीस वर्षं मार्गदर्शन कॅथलिक बाईने वाचून दिलेल्या कार्डांवर चाललंय. तुमच्या पास्टरला सांगू नको, बिचारा आजारी पडेल."

"म्हणजे फसवत होती ती लोकांना!"

"आधी बस. घाम बघ किती आलाय." मावशीने पायाने स्टूल सरकवलं. "फसवायची म्हणे! आलेल्या माणसाला ती आधी काय द्यायची, सांग बघू?"

"कॉफी."

"कॉफी. तासभर. बोलत कोण असायचं?"

एदिल्झा स्टुलावर बसली. तो माणूसच बोलायचा. आई विणत ऐकायची, मधूनच विचारायची, पोराला ताप कधीपासून आहे, नवरा पिऊन आला तेव्हा तू काय म्हणालीस. तासाभराने डबा यायचा. एदिल्झाला लहानपणी वाटायचं, कॉफी म्हणजे नुसता पाहुणचार. खरं काम डब्याचं. आणि आई गेल्यावर तिने तो पाहुणचार बंद केला होता. सकाळी वेळ कुणाला असतो? या, प्रार्थना करा, काढा, जा.

"ताप असलेलं पोर घेऊन कुणी आलं तर जोविना डब्याला हात तरी लावायची का?" मावशी म्हणाली. "चप्पल फेकून मारली असती तिने, आधी दवाखान्यात नीघ म्हणून."

हे फार लागलं. एदिल्झाने तोंड फिरवलं. समोर दर्या चकाकत होता. आणि मग, इतका वेळ जो प्रश्न ती मनात येऊ देत नव्हती, तो आलाच.

"मावशी, माझं कार्ड?"

कांड्या थांबल्या.

एकोणतीस वर्षांपूर्वी गावात पाण्याचा पंप बसवायला वाल्देमीर नावाचा मेकॅनिक आला होता. दोन महिने राहिला. मंडळीत यायला लागला, बाप्तिस्मा घेतला, आणि एदिल्झाला म्हणाला, लग्न करू, माझ्याबरोबर बेलेंला चल. ती बावीस वर्षांची होती. तिने उपास केला आणि आईने धरलेल्या डब्यातून कार्ड काढलं. जिथे आहेस तिथेच राहा, तिथेच मी तुला पोसेन, अशा अर्थाचं निघालं. वाल्देमीर बसपाशी वाट बघून निघून गेला. तिने एक अश्रू काढला नाही. देवच बोलल्यावर रडायचं कशाला? उलट दरवर्षी ईस्टरला ती मंडळीसमोर उभी राहून साक्ष द्यायची, की देवाने मला हाताला धरून या गावात ठेवलं. पुढच्या बाकावर आई मान खाली घालून रडायची. लोक म्हणायचे, काय कृतज्ञता!

"बोल की," एदिल्झा म्हणाली. "इतका वेळ तोंड चाललं होतं."

"त्या वर्षी तुझा बाप दर्यात बुडून गेला होता," मावशी हळू आवाजात म्हणाली. "तुझा भाऊ गेनिवाल साओ पावलोला पळालेला. घरात तू एकटी होतीस तिला. तीन दिवस अन्नाला शिवली नाही ती. देवाला विचारत होती, पोरीला काय सांगू. तो काही बोलेना. मग म्हणाली, कितेरिया, तो गप्प बसला, म्हणून मी बोलले."

एदिल्झा उठून उभी राहिली. "एकोणतीस वर्षं मी देवाचे आभार मानतेय, मावशी! सगळ्यांसमोर! आणि ती ऐकून घेत होती?"

"घरी येऊन माझ्यापाशी रडायची. आज पोर परत बोलली गं, म्हणायची. दर ईस्टरला ठरवायची, की या वर्षी सांगते."

"सांगितलं का नाही मग?"

"कारण ती घाबरट होती," मावशी म्हणाली. "दुसऱ्यांच्या बाबतीत शहाणी, तुझ्या बाबतीत घाबरट. तुला काय वाटलं, शहाणी माणसं सगळीकडे शहाणी असतात?"

म्हातारी गुडघ्यांवर हात रोवून उठली, आत गेली, आणि एका तसबिरीच्या मागून काहीतरी काढून घेऊन आली. पिवळं पडलेलं कार्ड. "त्यानंतर तिने हे डब्यात ठेवलं नाही. मला म्हणाली, याने एकदा चोरी केलीय, हे परत कुणाच्या हाती लागायला नको. मी मेल्यावर पोरीला दे. मीच विसरत होते, म्हण. आठ महिने विसरत होते."

तेच कार्ड होतं. अक्षरं एदिल्झाला पाठ होती. पण त्याच्या चारही कडांनी भोकं होती, शेकडो, अगदी बारीक, एकात एक गुंफलेली. तिने उजेडात धरलं. लहानशी पाकळी, मग जाळी, मग परत पाकळी.

"हा कसला नमुना?"

"तुझ्या लग्नाच्या ओढणीची कडा. वाल्देमीरने मागणी घातली त्या रात्रीच तिने मनाशी बांधून पुठ्ठ्यावर टोचला होता. नंतर मूळ पुठ्ठा चुलीत घातला. आणि मग विसरायला नको म्हणून यावर टोचून ठेवला."

एदिल्झाने कार्ड झग्याच्या खिशात टाकलं आणि घरी आली. रेती तापली होती. पाय भाजत होते ते तिला घरात शिरल्यावर कळलं.

रायाने येऊन बसली होती. टेबलासमोर, हात मांडीवर, डोळे लाल. डबा तिने समोर ओढून ठेवला होता.

"आत्या, कुठे गेली होतीस? मी प्रार्थना करून झाले. धर ना डबा."

एदिल्झाने डबा उचलला, कार्डं हातात घेतली. पाठ वळवून पिसायला लागली. खिशातलं कार्ड बाहेर काढून त्यांच्यात कधी सरकवलं, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. पण ते तिथे होतं. सगळ्यांच्या मध्ये, किंचित वर, आणि तिचा अंगठा त्याच्या पाठीमागे.

इतकं सोपं होतं. एका अंगठ्याचं काम. पोर हात पुढे करील, वाचील, डोळे पुशील आणि बालवाडीत जाईल. रोज संध्याकाळी घरी येईल. पुढच्या ईस्टरला उभी राहून साक्षही देईल. आईला हे किती सोपं गेलं असेल आणि त्यानंतर किती जड, हे एदिल्झाला तिथे उभ्या उभ्या कळलं. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळं रागाचंच होतं असंही नाही.

"प्रभू," ती मनात म्हणाली, "आता तरी." पुढचे शब्द सुचले नाहीत. वरून कुणी बोललं नाही. फक्त रायानेच्या पोटात गुरगुरलेलं ऐकू आलं.

तिने कार्ड काढून परत खिशात टाकलं, डब्याला झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवला. चुलीवर पाणी ठेवलं.

"हे काय करतेस?"

"कॉफी. आणि टॅपिओकाची पोळी टाकते. खा आधी."

"उपास आहे माझा!"

"मोड. पाप लागलं तर माझ्या नावावर. बस म्हटलं ना!"

पोर बसली. पोळी समोर आली तेव्हा तिने आधी रुसून बघितलं आणि मग एका दमात अर्धी संपवली. एदिल्झा समोर बसली. आई विणायची. हिच्या हातात काही नव्हतं, म्हणून तिने हात नुसते टेबलावर ठेवले.

"तुला काय हवंय?" तिने विचारलं.

रायाने घास तोंडात धरून बघत राहिली. हा प्रश्न त्या घरात कुणी कुणाला विचारलेला नव्हता.

"जे देवाला..."

"देवाचं मी त्याला विचारीन. तुझं तू सांग."

कॉफीवर साय धरली. मग पोर एकदम रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून. "मला जायचंय गं आत्या. पहिल्या दिवसापासून जायचंय. मी बॅगपण भरून ठेवलीय, पलंगाखाली."

"मग कार्ड कशाला काढत होतीस?"

"देवानेच सांगितलं असतं, तर मी तुला टाकून गेले असं झालं नसतं ना!"

एदिल्झा खिडकीबाहेर बघत राहिली. म्हणजे लोक यासाठी येत होते तर. आणि आपण? आपणही बाविसाव्या वर्षी यासाठीच हात पुढे केला होता का? वाल्देमीरला नको म्हणायला तोंड होत नव्हतं, की आईला येते म्हणायला? तिला आठवेना. इतक्या वर्षांनी खरंच आठवेना, आणि आता सांगणारं कुणी नव्हतं.

फळीवर डबा होता. त्यात तीन भोकांचं कार्ड कुठेतरी होतं: ऊठ, नीघ, घाबरू नको. बोटांनी शोधायला चार मिनिटं पुरली असती. पोर सुखाने गेली असती.

"रायाने, इकडे बघ," ती म्हणाली. "डबा नाही काढणार मी. वचन नाही, काही नाही. मी सांगतेय, तुझी आत्या. माझ्या तोंडाने. जा."

"आणि तू?"

"मला वाईट वाटेल. खूप वाटेल. रडीनसुद्धा, त्यात काय चोरी आहे? पण ते माझं मी बघीन. तू मला टाकून जात नाहीस. मी तुला पाठवतेय." तिने नाक पुसलं. "आणि बॅग पलंगाखाली ठेवलीस? उंदीर आहेत तिथे, मूर्ख."

सोमवारी साडेपाचला सोब्रालची व्हॅन चौकात उभी होती. एदिल्झाने पोळ्यांचा डबा पोरीच्या मांडीवर ठेवला. रायाने खिडकीतून ओरडली, "आत्या, बीपीची गोळी विसरू नको!" "नर्सबाई आधी व्हा, मग हुकूम सोडा," एदिल्झाने उत्तर दिलं. चौकातले लोक हसले. व्हॅन वळणापलीकडे गेली तरी ती डिझेलच्या वासात थोडा वेळ उभी राहिली, मग घरी आली.

घर होतं तसंच होतं. तिने कपाटावरून आईचा लोड खाली काढला, धूळ झटकली. कांड्यांना अजून दोरा गुंडाळलेला होता, पिवळा पडलेला. खिशातून कार्ड काढून तिने लोडावर ठेवलं आणि एकेका भोकात काटा रोवत गेली. प्रत्येक काटा बरोबर बसला. मग तिने कांड्या हातात घेतल्या. पहिला वेढा चुकला. दुसराही चुकला.

"प्रभूची शांती!" दारात देदेकाका उभे होते, टोपी हातात. "एदिल्झा, म्हटलं, कालचं काही खरं नाही. पुन्हा एकदा काढून बघतो. डबा आण."

"डबा राहू दे फळीवर. बसा. कॉफी घ्या."

"उपाशी आलोय मी."

"म्हणूनच." तिने पेला भरून त्यांच्या हातात दिला. "आता सांगा. ऑपरेशनची भीती कशाची वाटते?"

काकांनी पेला दोन्ही हातांत धरला. मग त्यांच्या भावाचं सांगायला लागले, तो असाच एकदा ऑपरेशनला गेला होता आणि परत आला नव्हता. एदिल्झाने सगळं ऐकून घेतलं. कांड्या मधूनमधून टकटकत होत्या.

"काका, त्याचं हृदयाचं होतं," ती शेवटी म्हणाली. "तुमचे कागद मी दवाखान्यात बघितलेत. साखर ठीक आहे, प्रेशर ठीक आहे. करून घ्या ऑपरेशन. मी येते बरोबर."

"हे वचन समजू का?"

"नाही. हे मी सांगतेय."

काकांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर जरा निराशा होती आणि जरा सुटल्यासारखंही होतं. मग त्यांनी लोडाकडे बघत डोळे बारीक केले. "विणतेस? कितीतरी वर्षांत तुझ्या हातात कांड्या बघितल्या नाहीत. काय आहे ते?"

"कडा आहे. ओढणीची."

"कुणाच्या? मला तर नुसतं पांढरं पांढरं दिसतंय."

"डोळे झाले की या बघायला," एदिल्झा म्हणाली आणि चुकलेला वेढा उलगडून परत घालायला लागली. "तोवर वीतभर झाली असेल."